एकट्या यंत्राची राखण: तारायंत्रापासून सर्व्हरपर्यंत



वसई-विरारच्या घरांत सकाळीं नळाला जें पाणी येतें, तें बहुतांशीं सूर्या नदीचें असतें. धामणीच्या धरणांतून सुटलेलें हें पाणी मासवण येथें उपसलें जातें, धुकटणच्या केंद्रांत शुद्ध होतें आणि मोठ्या नळांतून मैलोगणती प्रवास करून शहरांत पोंचतें. मासवणला अगर धुकटणला कांहीं तास वीज गेली, तर ती बातमी वसईच्या गृहिणीला वर्तमानपत्र न उघडतांच कळते. तिचा नळ कोरडा राहतो. जी गोष्ट पाण्याची, तीच आज पैशाची, पत्राची आणि औषधाची झाली आहे. बँकेंत आपली शिल्लक किती, रुग्णालयांत रक्ताच्या तपासणींत काय निघालें, रेल्वेंत आपली जागा राखून ठेवली आहे कीं नाहीं, या सर्व प्रश्नांचीं उत्तरें कोठल्या तरी बंद खोलींत ठेवलेला एक संगणक देत असतो. इतर संगणकांच्या मागण्या पुरविणें हें त्याचें काम, म्हणून त्याला सर्व्हर म्हणतात. मोठमोठ्या केंद्रांतील सर्व्हरांपाशीं रात्रंदिवस माणसें असतात हें खरें. परंतु लहानसहान कचेऱ्या, शाखा, पाण्याचीं केंद्रें व दूरध्वनीचे मनोरे यांच्यापाशीं जीं असलीं यंत्रें असतात, त्यांच्या खोलींत बहुधा कोणीहि नसतें. दाराला कुलूप असतें, आंत एक लहानसा हिरवा दिवा लुकलुकत असतो, आणि किल्ली ज्याच्यापाशीं असते तो गृहस्थ कदाचित् पन्नास मैलांवर आपल्या घरीं झोपलेला असतो.

अशा वेळीं वीज गेली तर काय होतें, आणि काय व्हावयास पाहिजे? प्रश्न आजचा वाटतो, पण तो आजचा नाहीं. एखादें काम यंत्राला सांगून स्वतः तेथून निघून जावयाचें माणसानें ज्या दिवशीं ठरविलें, त्या दिवसापासून हा प्रश्न त्याच्या मागें लागला आहे. त्याला दीडशें वर्षांचा तरी इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचीं कांहीं पानें आपल्याच किनाऱ्यावर, आपल्याच रुळांच्या कडेला लिहिलीं गेलीं आहेत. आज तीं पानें आपण क्रमानें चाळूं.

यंत्रापूर्वींच्या काळीं राखण म्हणजे माणूस. वसईचा कोट १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं घेतला. अर्नाळ्याचें बेट त्यापूर्वीं दोन वर्षें मराठ्यांकडे आलें होतें. अशा कोटांच्या बुरुजांवर रात्रीं जो दिवा जळत असेल, त्याच्यापाशीं तेल घालावयास आणि वात सारावयास कोणी तरी जागा असणारच. दिवा आणि दिवेकरी यांची ताटातूट झाली नव्हती. माणूस झोपला तर दिवा विझे, हा या व्यवस्थेचा दोष. परंतु दिवा विझला तर माणूस उठून तो पुन्हां लावी, हा तिचा गुण. एकट्या यंत्राच्या साऱ्या इतिहासांत हा दुसरा गुण परत मिळविण्याची धडपड दिसून येते. विझूं नये यासाठीं माणसानें पुष्कळ खटपट केली. पण विझल्यावर नीट उठावें कसें, याचा विचार त्याला फार उशिरां सुचला.

विजेवर चालणारें पहिलें मोठें यंत्र म्हणजे तारायंत्र. हिंदुस्थानांत तें १८५४ सालीं लोकांना खुलें झालें. त्या काळीं वीज विकत मिळत नव्हती. तारकचेरी आपली वीज आपणच करी. तांबें, जस्त आणि रासायनिक द्रव्यें यांचे घट ओळीनें मांडून त्यांतून प्रवाह काढावयाचा, अशी ती तऱ्हा. डॅनिएल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८३६ सालीं असा टिकाऊ घट तयार केला होता, आणि १८६६ सालीं लक्लांशे या फ्रेंच गृहस्थानें त्याहून सोयीचा घट काढला. या व्यवस्थेंत एक मोठी निश्चिंतता होती. शक्तीचा उगम यंत्राच्या बाजूलाच, त्याच खोलींत; शंभर मैलांवर एखादी तार तुटली म्हणून दिवा जाईल अशी भीति नाहीं. पण जस्त झिजे, द्रव्य संपे, आणि तें भरावयास माणूस लागेच.

ही अडचण दूर करण्याचा मार्ग प्लांते या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं दाखविला. शिशाचे पत्रे गंधकाम्लांत बुडवून त्यानें असा घट केला, कीं जो रिकामा झाल्यावर बाहेरून प्रवाह देऊन पुन्हां भरतां येतो. आज आपल्या घरांतील इन्व्हर्टरखालीं जी जड बॅटरी असते, ती याच घटाची वंशज होय. १८८२ सालीं मुंबईंत टेलिफोनची कचेरी सुरू झाली, आणि पुढें जगभर टेलिफोनच्या कचेऱ्यांनीं या घटाचा एक फार शहाणपणाचा उपयोग केला. दोन व्होल्टांचे चोवीस घट एका ओळींत जोडून अठ्ठेचाळीस व्होल्टांची एक मोठी बॅटरी मांडावयाची, आणि टेलिफोनचें सारें यंत्र त्या बॅटरीवर चालवावयाचें. बाहेरून येणाऱ्या विजेचें काम एकच. बॅटरी सदैव भरलेली ठेवणें. रस्त्यावरचे दिवे गेले तरी घरांतील टेलिफोन चालूं राही तो यामुळेंच.

वसईकरांना ही युक्ति समजावून सांगण्याची गरज नाहीं. आपल्या वाड्यांतून पूर्वीं बावखलें असत, आणि कांहीं अद्याप आहेत. पावसाचें पाणी बावखलांत सांठे, विहिरींना पाझरे, आणि पुढें केळीच्या व फुलांच्या बागा त्यावर जगत. वाडीचा मळेकरी आकाशाकडे पाहून रहाट फिरवीत नसे. तो बावखलाकडे पाहून फिरवी. आज इमारतीच्या गच्चीवरची टाकी तेंच काम करते. ज्याच्यावर भरंवसा नाहीं त्याच्याकडून सांठा भरून घ्यावा आणि स्वतः सांठ्यावर चालावें, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा रेल्वेनें दिला. मुंबई-बडोदा मार्गाची गाडी १८६४ सालीं वसईची खाडी ओलांडून ग्रँट रोडपर्यंत आली, आणि १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली स्थानिक गाडी धांवली. गाड्या वाढल्या तसा प्रश्न पडला: पुढचा रूळ मोकळा आहे कीं नाहीं, हें प्रत्येक ठिकाणीं माणूस उभा न करतां कसें कळावें? याचें उत्तर १८७२ सालीं अमेरिकेंत विल्यम रॉबिन्सन यानें दिलें. रुळांच्या एका तुकड्याच्या एका टोकाला लहानशी बॅटरी जोडावयाची. तिचा प्रवाह एका रुळांतून जाऊन दुसऱ्या टोकाच्या विद्युत्-चुंबकांतून फिरतो आणि दुसऱ्या रुळांतून परत येतो. जोंवर प्रवाह आहे तोंवर चुंबक एक तुकडा उचलून धरतो, आणि सिग्नल ‘जा’ असें सांगतो. गाडी त्या तुकड्यावर आली कीं तिच्या लोखंडी चाकांतून प्रवाहाला जवळची वाट मिळते, चुंबक ढिला पडतो, तुकडा आपल्या भारानेंच खालीं येतो, आणि सिग्नल ‘थांबा’ म्हणतो.

आतां यांतील खुबी पाहा. समजा बॅटरी संपली, तार तुटली, कीं रूळच भंगला. तरीहि प्रवाह थांबतो, तुकडा खालीं येतो, आणि सिग्नल ‘थांबा’च म्हणतो. याच्या उलट, गाडी आली असतां प्रवाह सुरू व्हावा अशी रचना केली असती, तर बॅटरी संपल्याबरोबर सिग्नलनें खुशाल ‘जा’ म्हटलें असतें, आणि एका गाडीवर दुसरी आदळली असती. रॉबिन्सननें वीज कधींच जाणार नाहीं असें मानलें नाहीं. ती जाणारच असें धरून, जातांना यंत्रानें कोणत्या कुशीवर पडावें हें त्यानें अगोदर ठरविलें. यंत्र बिघडावें, पण बिघडून अपघात करूं नये. शांतता हीच धोक्याची खूण ठरावी, हा विचार साऱ्या यंत्रविद्येंत पुढें फार मोलाचा ठरला.

माणसाला अगदीं दूर सारणारें पहिलें प्रसिद्ध यंत्र मात्र समुद्रावर जन्मलें. स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यानें ॲसिटिलीन वायूवर जळणारे सागरदीप केले, आणि १९०७ सालीं त्यांना एक ‘सूर्य-झडप’ बसविली. एक काळा दांडा आणि त्याच्या भोंवतीं चकचकीत दांडे, एवढीच ती वस्तु. सूर्य उगवला कीं काळा दांडा ऊन शोषून किंचित् लांबतो आणि वायूची वाट बंद करतो. अंधार पडला कीं आखडून ती उघडतो. ना घड्याळ, ना पहारेकरी. खडकावरचा दिवा महिनोन्‌महिने आपोआप लागे आणि विझे. या कामाबद्दल डालेन यास १९१२ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. आणि त्याच वर्षीं एका स्फोटांत त्याची दृष्टि गेली. त्याच्या दिव्यापासून घ्यावयाचा बोध असा, कीं एकट्या यंत्राची भूक लहान असावी. दिवसा उगीच जळणारा वायू वांचविला, म्हणून तोच सांठा कितीतरी अधिक दिवस पुरला.

यानंतर आपल्या प्रांतीं विजेचें युग आलें. टाटांचें खोपोलीचें जलविद्युत्-केंद्र १९१५ सालीं सुरू झालें, भिवपुरीचें १९२२ सालीं आणि भिऱ्याचें १९२७ सालीं. सह्याद्रीवर पडणारा पाऊस मुंबईचीं चाकें फिरवूं लागला. ५ जानेवारी १९२८ रोजीं बोरिवलीपर्यंत आणि १९३६ सालीं विरारपर्यंत विजेची गाडी धांवूं लागली. या गाडींत मोटरमननें एक मूठ सतत दाबून धरावयाची असते. त्याला भोंवळ येऊन हात सुटला तर गाडी आपोआप थांबते. येथें यंत्रच माणसावर पहारा करतें, आणि त्याचा नियमहि तोच. हाताचा दाब नाहींसा होणें हीच धोक्याची खूण.

विजेच्या या विस्तारानें सुख झालें, परंतु तारकचेरीची जुनी निश्चिंतता गेली. शक्तीचा उगम आतां खोलीबाहेर, गांवाबाहेर, डोंगरापलीकडे गेला. मध्यें शेंकडों खांब, तारा, रोहित्रें. त्यांवर वारा, पाऊस, झाडांच्या फांद्या आणि समुद्राची खारी हवा. १९६० सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळानें खेडोपाडीं वीज नेली. २००५ सालीं त्या मंडळाचे भाग होऊन वितरणाचें काम ‘महावितरण’कडे आलें. त्याच सुमारास मागणी आणि उत्पादन यांत मोठी तूट पडली, आणि ‘भारनियमन’ हा रुक्ष शब्द मराठी घराघरांत शिरला. वीज असतें वेळीं उद्यांची सोय करून ठेवावी, ही गोष्ट त्या दिवसांनीं सर्वांस शिकविली.

या परिस्थितींत जन्मास आलेलें एक भारतीय यंत्र मला विशेष आदराचें वाटतें. १९८४ सालीं केंद्र सरकारनें सी-डॉट ही संस्था स्थापिली. त्या वेळीं परदेशी टेलिफोन केंद्रांना थंड, धूळविरहित दालनें आणि स्थिर वीज लागे. आपल्या खेड्यांत यांपैकीं कांहींच नव्हतें. सी-डॉटच्या तरुण अभियंत्यांनीं एकशें अठ्ठावीस जोडण्यांचें एक लहान स्वयंचलित केंद्र तयार केलें, आणि १९८६ सालीं तें कर्नाटकांतील कित्तूर येथें बसविलें. त्याला वातानुकूलनाची गरज नव्हती. तें थोडी वीज खाई. साध्या खोलींत, उन्हाळ्यांत, धुळींत, नित्य माणूस जवळ नसतांहि चाले. परदेशी यंत्राला शोभेल असें खेडें निर्माण करण्यापेक्षां, आपल्या खेड्यांत तगेल असें यंत्र त्यांनीं निर्माण केलें. अशीं केंद्रें पुढें हजारों खेड्यांत लागलीं. आज मोबाइलच्या मनोऱ्यापाशीं ज्या बॅटऱ्या दिसतात, त्याहि त्याच अठ्ठेचाळीस व्होल्टांच्या जुन्या घराण्यांतल्या आहेत.

आतां आपल्या बंद खोलींतील सर्व्हरकडे येऊं. त्याला अकस्मात् वीज गेल्यानें होणारा अपाय दिवा विझण्यासारखा नसतो. दिवा पुन्हां लावला कीं पूर्वींसारखाच जळतो. सर्व्हर मात्र सतत लिहीत असतो. एका खात्यांतून शंभर रुपये वजा करून दुसऱ्यांत जमा करावयाचे आहेत. वजा झाले, आणि जमा होण्यापूर्वींच वीज गेली, तर ते शंभर रुपये कोणाचे? आपल्या जुन्या कारकुनांना हा प्रश्न ठाऊक होता. म्हणून ते व्यवहार प्रथम रोजकीर्दींत लिहीत आणि मग खतावणींत उतरवीत. खतावणी करतां करतां दिवा विझला, तरी दुसऱ्या दिवशीं रोजकीर्द उघडून अर्धें राहिलेलें काम पुरें करतां येई. संगणकांतील माहितीचे सांठे आज हीच रीत पाळतात. काय करणार आहों हें आधीं एका दैनिक नोंदींत पक्कें लिहावयाचें, मगच मुख्य वहीला हात लावावयाचा. मात्र एक पथ्य आहे. ती नोंद खरोखरच कागदावर उतरलेली पाहिजे. कारकुनानें मनांत धरून ठेवलेली कीर्द जशी त्याच्याबरोबर झोपीं जाते, तशी संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतींतील कीर्द विजेबरोबर नाहींशी होते.

वीज गेल्यावर सर्व्हरला आधार देणारें जें साधन, त्यास यूपीएस म्हणतात. ही कल्पनाहि जुनी आहे. अखंड वीजपुरवठा राखणाऱ्या अशा साधनाचें पेटंट १९३४ सालींच अमेरिकेंत दिलें गेलें होतें. बाहेरच्या विजेनें बॅटरी भरावयाची, आणि ती वीज गेली कीं बॅटरीच्या प्रवाहावर यंत्र चालवावयाचें, हा त्याचा थोडक्यांत व्यवहार. पुष्कळ लोक समजतात कीं यूपीएस घेतला म्हणजे विजेची चिंता मिटली. तसें नाहीं. यूपीएस वीज देत नाहीं. तो वेळ देतो, आणि तोहि बहुधा मिनिटांचा. त्या वेळाचें काय करावयाचें, हें ज्यानें ठरविलें नाहीं, त्याच्या यंत्राचें मरण केवळ पंधरा मिनिटें लांबणीवर पडलें, इतकेंच.

तेव्हां ठरवावयाचें काय? प्रथम, यूपीएस आणि सर्व्हर यांच्यामध्यें बोलणारी एक तार असावी, आणि वीज गेल्याची वर्दी सर्व्हरला तिच्यावाटे मिळावी. वीज बहुधा थोड्या वेळांत परत येते, म्हणून कांहीं काळ वाट पाहावी. परंतु बॅटरी ठराविक मर्यादेखालीं उतरली, कीं सर्व्हरनें हातांतलें काम पुरें करावें, वह्या मिटाव्या आणि स्वतः होऊन शांतपणें बंद व्हावें. येथपर्यंत पुष्कळांना समजतें. खरा घोंटाळा उठण्याच्या वेळीं होतो. समजा, सर्व्हरनें बंद होण्यास सुरुवात केली आणि त्याच क्षणीं वीज परत आली. सर्व्हर तर बंद झाला. पण त्याच्या दृष्टीनें वीज कधीं गेलीच नाहीं, बॅटरीनें ती चालूंच ठेवली होती. मग त्याला उठवावयाचें कोणी? वीज नव्यानें येण्याची वाट पाहत तो विजेच्या उजेडांतच आठवडाभर निजून राहतो. म्हणून सर्व्हर झोपल्यावर यूपीएसनें, बाहेर वीज असली तरी, त्याचा पुरवठा एकदां तोडून पुन्हां जोडावा, आणि पुरवठा मिळतांच आपण होऊन उठावें अशी आज्ञा सर्व्हरला अगोदर देऊन ठेवावी.

दुसरा घोंटाळा याहून सूक्ष्म आहे. पावसाळ्यांत आपल्याकडे वीज एकदांच जात नाहीं. ती येते, जाते, पुन्हां येते. पहिल्या खेपेस बॅटरी रिकामी झाली, वीज आली, सर्व्हर लगबगीनें उठला, आणि दोन मिनिटांत वीज पुन्हां गेली, तर या वेळीं नीट बंद होण्यापुरतीहि शिदोरी बॅटरींत उरलेली नसते. सबब वीज आली तरी लगेच उठूं नये; निदान आणखी एकदां सुखरूप झोपीं जातां येईल इतकी बॅटरी भरूं द्यावी, आणि मग उठावें. परत येणाऱ्या विजेचा दाब आरंभीं पुष्कळदां अस्थिर असतो, त्या दृष्टीनेंहि हा धीर उपयोगी पडतो.

आणि खबर? यंत्रानें संकटांत हाक मारावी, अशी सर्वांचीच अपेक्षा असते. परंतु ज्याचा प्राण जात आहे तो हाक मारूं शकेलच असें नाहीं. येथें रॉबिन्सनचा रूळ आठवावा. गांवांतला गस्तवाला तासातासाला हाक देत फिरतो; चोर आल्यावरच ओरडेन, असें तो म्हणत नाहीं. त्याची हाक ठरल्या वेळीं ऐकूं आली नाहीं, कीं शहाणा गृहस्थ अंथरुणांत उठून बसतो. तसेंच सर्व्हरनें दर कांहीं मिनिटांनीं ‘मी जागा आहें’ एवढाच निरोप दूरच्या एका ठिकाणीं पाठवावा, आणि निरोप चुकला कीं किल्लीवाल्याच्या घरीं घंटा वाजावी. शांतता हीच धोक्याची खूण.

परंतु ‘सुरक्षित बाजू’ सर्व यंत्रांची एकच नसते, हें विसरतां कामा नये. सिग्नलनें थांबविलें म्हणजे गाडी सुरक्षित. रुग्णालयांतील श्वासयंत्र थांबलें म्हणजे सुरक्षित नव्हे. या भेदाचें भयंकर उदाहरण २०११ सालीं जपानांत घडलें, आणि आपल्या पालघर जिल्ह्यानें तें विशेष ध्यानांत ठेवावें असें आहे. कारण १९६९ पासून तारापूरला उभ्या असलेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या आणि फुकुशिमाची पहिली भट्टी एकाच अमेरिकन कंपनीच्या आराखड्याच्या, एकाच जातीच्या. ११ मार्च २०११ रोजीं भूकंपानें फुकुशिमाची बाहेरची वीज तोडली. डिझेलचीं यंत्रें ठरल्याप्रमाणें आपोआप सुरू झालीं. राखणदार जागा होता. पण सुमारें पन्नास मिनिटांनीं समुद्राची लाट आली, आणि डिझेलचीं यंत्रें, विजेचे फलक व कांहीं बॅटऱ्या तळघरांत असल्यामुळें पाण्यांत गेल्या. पहिल्या भट्टींत तर बॅटरीची वीज जातांच एका थंडाव्याच्या वाटेवरच्या झडपा, सुरक्षितता म्हणून ठरविलेल्या नियमानेंच, मिटल्या. आणि त्या वेळीं थंडावा चालूं राहणें हीच खरी सुरक्षितता होती. राखणदार कोठें उभा करावा आणि त्यानें कोणत्या कुशीवर पडावें, हे दोन्ही प्रश्न तेथें एकाच दुपारीं चुकले.

आपलें गांव समुद्राकांठचें आणि सखल. जुलै २०१८ मध्यें वसई-नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखालीं गेले, गाड्या अडकल्या, घरांतून वीज नाहींशी झाली. मे २०२१ मध्यें तौक्ते वादळानें झाडें व खांब पाडले आणि किनाऱ्यालगतच्या वस्त्या अंधारांत राहिल्या. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं तर सकाळीं दहाच्या सुमारास साऱ्या मुंबईचीच वीज गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागीं थांबल्या. जेथें असें होतें, तेथें सर्व्हर दुसऱ्या मजल्यावर आणि त्याची बॅटरी मात्र जड म्हणून तळमजल्याच्या फरशीवर, ही व्यवस्था फुकुशिमाचीच लहान प्रतिकृति होय. बॅटरीचे दुसरे शत्रु उष्णता आणि विस्मृति. पंचवीस अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना शिशाच्या बॅटरीचें आयुष्य जवळजवळ निम्मे होतें. पत्र्याच्या बंद खोलींत, जेथें वैशाखांत माणसाला उभें राहवत नाहीं, तेथें ती थोड्या वर्षांतच आंतून मरते. आणि बाहेरचा हिरवा दिवा मात्र पूर्वींसारखाच लुकलुकत राहतो. ज्या रात्रीं तिची गरज पडते, त्या रात्रीं ती गेल्याचें कळतें.

कोणी म्हणेल, हें सारें अभियंत्यांनीं पाहावें. आम्हां गृहस्थांचा यांत संबंध काय? संबंध आहे. आपली सहकारी पतपेढी, आपल्या सोसायटीचा पंप व उद्वाहक, आपल्या आळींतील दवाखाना, यांचे व्यवहार अशा बंद खोल्यांवर चालतात, आणि त्यांच्या वार्षिक सभेंत बोलावयाचा हक्क आपल्यालाच आहे. तेथें यूपीएस आहे काय, असें विचारूं नये. त्याचें उत्तर सर्वत्र ‘आहे’ असेंच मिळतें. विचारावयाचें तें असें: मुख्य कळ मुद्दाम बंद करून शेवटीं केव्हां पाहिली? यंत्र नीट झोपलें काय, आणि कोणीहि हात न लावतां पुन्हां उठलें काय? ही परीक्षा वर्षांतून दोनदां, एकदां मृगापूर्वीं व एकदां दिवाळीनंतर, दिवसाउजेडीं, माणसें हजर असतांना घ्यावी. तींत नापास होणें मुळींच लाजिरवाणें नाहीं. परीक्षाच न घेणें हें मात्र धोक्याचें.

बुरुजावरच्या दिवेकऱ्याला आपण घरीं पाठविलें, तें योग्यच केलें. पण तो जें रात्रभर जागून करी, तें आतां कोणी तरी दिवसां बसून आधींच करून ठेवावयास पाहिजे. तेल किती उरलें हें पाहणें, वात सारणें, आणि विझलेला दिवा पुन्हां लावणें, हीं तीनहि कामें अजून शिल्लक आहेत. आपल्या गांवांत तीं कोणाकडे सोंपविलेलीं आहेत, याची चौकशी येत्या पावसाळ्यापूर्वीं प्रत्येकानें करावी, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.